कोसंबींचा एच-इंडेक्स किती?

एमएस्सीला असताना जेनेटिक मॅप काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटासा पर्याय पहिल्यांदा दिसला होता. 'मॅप फंक्शन निवडा', आणि खाली दोन नावं: हाल्डेन, कोसंबी. सरांनी सांगितलं, कोसंबीवर टिक करा आणि पुढे चला. आम्ही केलं. वर्गातल्या एकानेही विचारलं नाही की हे कोसंबी कोण. मला तर वाटलं होतं कोणीतरी जपानी असतील. (हसू नका, ते नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकदा वाचून बघा.)

वर्षभराने एका पुस्तक प्रदर्शनात प्राचीन भारताच्या इतिहासावरचं दा. ध. कोसंबींचं पुस्तक हातात आलं. लेखकाच्या परिचयात 'गणितज्ञ' असं लिहिलेलं. तिथेच उभ्या उभ्या फोनवर शोधलं आणि कळलं, सॉफ्टवेअरमधले कोसंबी ते हेच.

हे आज आठवायचं कारण वेगळं आहे. ओळखीतल्या एका मुलीची नुकतीच पेट झाली, आता इंटरव्ह्यू आहे. तिचा मेसेज आला: "ताई, इंटरव्ह्यूच्या आधी दोन पेपर दाखवता आले तर बरं पडेल ना? एक जर्नल अडीच हजारांत आठ दिवसांत छापून देतंय. आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टरही सहाच्या वर आहे."

'अजिबात नको' एवढंच लिहून मोकळी झाले असते, पण मग ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारणार. पेपर मोजायची ही पद्धत आली कुठून, त्यात नेमकं काय मोजलं जातं आणि काय निसटतं, हे समजल्याशिवाय 'नको' पटत नाही. आकडे तर तुम्हाला यूट्यूबवरही समजावून मिळतील. म्हणून इथे एक माणूस घेते आणि त्याचे पेपर आजच्या मोजपट्टीवर ठेवून बघते. तो माणूस म्हणजे कोसंबी.

आधी ओळख, थोडक्यात. जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी, पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्याबरोबर लहानपणीच अमेरिकेला जाणं झालं, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी. मग बनारस, अलीगढ आणि त्यानंतर बरीच वर्षं पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. संस्था मुंबईत, घर पुण्यात, म्हणून डेक्कन क्वीनने जाणं-येणं. पेणकरपाड्याहून रिक्षा, मग मीरा रोडची लोकल असा माझा प्रवास आहे आणि त्याचं रडगाणं मी रोज गाते, तेव्हा हे आठवून जरा गप्प बसते. (अर्थात डेक्कन क्वीनमध्ये डायनिंग कार असते, आमच्याकडे चौथ्या सीटसाठी भांडण.)

चार पानांचा पेपर

मी ज्याच्यावर टिक केलं होतं ते सूत्र १९४४ च्या एका पेपरमधलं आहे. ॲनल्स ऑफ यूजेनिक्स नावाच्या ब्रिटिश जर्नलमध्ये तो आला. (या जर्नलने १९५४ मध्ये नाव बदलून ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स केलं. का बदललं ते जुन्या नावावरूनच कळतं.) पेपर किती मोठा? चार पानं.

प्रश्न असा होता. एकाच गुणसूत्रावर दोन जनुकं आहेत. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात, म्हणजे पुनर्संयोजनाचं प्रमाण किती, हे प्रयोगातून मोजता येतं. पण त्यावरून त्यांच्यामधलं 'अंतर' काढायचं तर अडचण येते. मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जनुकं पुन्हा एकत्र दिसतात, जणू काही घडलंच नाही. हाल्डेनने १९१९ मध्ये या चुकीची दुरुस्ती करणारं सूत्र दिलं, पण त्यात गृहीत धरलं होतं की एका ठिकाणी अदलाबदल झाल्याने शेजारच्या अदलाबदलीवर काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो. एक झाली की लगतची दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला आणि सुटसुटीत सूत्र दिलं.

फरक किती पडतो बघा. पुनर्संयोजन २० टक्के असेल तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर साधारण २५.५ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्राने २१.२. पुनर्संयोजन ३० टक्के असेल तर ४५.८ आणि ३४.७. जनुक शोधायला निघालेल्या माणसाला हा फरक लहान नाही.

आता या पेपरला आजची मोजपट्टी लावू. सगळ्यात लोकप्रिय पट्टी म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. लक्षात घ्या, हा आकडा जर्नलचा आहे, पेपरचा नाही आणि तुमचा तर नाहीच. खिडकी फक्त दोन वर्षांची. म्हणजे १९४४ च्या पेपरची सायटेशन मोजली जाणार ती १९४५ आणि १९४६ मधली. तेव्हा काय परिस्थिती होती? महायुद्ध नुकतंच संपत होतं. डीएनए हीच वंशाची सामग्री आहे असं दाखवणारा एव्हरी आणि सहकाऱ्यांचा पेपरही त्याच १९४४ सालचा, आणि तोही लगेच सगळ्यांच्या गळी उतरला नव्हता.

कोसंबींच्या सूत्राला खरे दिवस आले ते चाळीस वर्षांनी. १९८० मध्ये बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी डीएनए मार्कर वापरून माणसाचा जेनेटिक मॅप काढायची कल्पना मांडली, १९८७ मध्ये मॅपमेकर हे सॉफ्टवेअर आलं, आणि त्यानंतर भात, मका, टोमॅटो, गहू, जे पीक घ्याल त्याचे मॅप निघू लागले. प्रत्येक मॅपसाठी फंक्शन निवडावं लागतं, आणि त्या निवडीत कोसंबी असतात. लेखक १९६६ मध्येच वारले होते. त्यांनी हे पाहिलंच नाही.

(जाता जाता: त्या मेन्यूतले दुसरे, जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. म्हणजे यादीतली दोन्ही नावं अखेर आपलीच.)

इथे आणखी एक गंमत होते. एखादी पद्धत फार रुळली की लोक मूळ पेपरचा संदर्भ द्यायचंच सोडून देतात. 'कोसंबी फंक्शन वापरलं' एवढं लिहिलं की झालं, किंवा फक्त सॉफ्टवेअरचा संदर्भ दिला जातो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नाव दिलं होतं. मराठीत त्याचा अर्थ सांगायचा तर, अंगात इतकं मुरणं की वेगळं दिसेनासं होणं. पायथागोरसला कोण साइट करतं? सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला मात्र ही न दिलेली सायटेशन दिसत नाहीत. आणि जी दिली जातात त्यांतही काही जण साल १९४३ लिहितात, काही १९४४. माझ्याच संदर्भांच्या फाइलमध्ये हा पेपर दोनदा होता, दोन वेगळ्या सालांनी.

मोजायला सुरुवात कशासाठी झाली

सायटेशन मोजायची कल्पना माणसं मोजायला निघालीच नव्हती. १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजसाठी एक साधा प्रश्न घेतला: लायब्ररीत पैसे थोडे आहेत, रसायनशास्त्राची कोणती जर्नल्स घ्यायची? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यात कोणत्या जर्नलचे संदर्भ किती वेळा येतात ते मोजलं. लायब्ररीच्या खरेदीची यादी, बस.

मग यूजीन गारफील्ड. १९५५ मध्ये त्यांनी सायन्समध्ये लेख लिहून विज्ञानासाठी सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली. ती त्यांनी वकिलांकडून घेतली होती. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा पुढे कोणकोणत्या खटल्यांत उल्लेख झाला, तो कायम राहिला की फिरवला गेला, हे त्यात मिळायचं. गारफील्डना हेच शास्त्रज्ञांसाठी हवं होतं: हा पेपर मी वाचतेय, यावर पुढे कुणी काय म्हटलं? म्हणजे मूळ उद्देश शोधाचा. तुम्ही आज लिटरेचर रिव्ह्यू करताना 'सायटेड बाय' वर क्लिक करता ना, ते याचं नातवंड. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातून सायन्स सायटेशन इंडेक्स निघू लागला. पहिल्या इंडेक्समध्ये ६१३ जर्नल्स होती. कोणती जर्नल्स घ्यायची, हे ठरवायला मदत म्हणून इम्पॅक्ट फॅक्टर आला.

खरेदीच्या यादीसाठी बनवलेला तराजू पुढे नोकरी, बढती आणि अनुदान तोलायला वापरला जाऊ लागला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स काढला. तुमच्या किमान दहा पेपरना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील, आणि अकरांना अकरा नसतील, तर एच दहा. जर्नलऐवजी माणूस मोजायचा, हा हेतू वाईट नव्हता. पण कोसंबींच्या त्या चार पानांना यात काय मिळतं? सायटेशन शंभर असोत की दहा हजार, एचमध्ये भर पडणार जास्तीत जास्त एकाची.

ज्याला उशिरा नाव मिळालं

मॅप फंक्शनच्या सुमारासच, १९४३ मध्ये, जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये कोसंबींचा आणखी एक पेपर आला. यादृच्छिक प्रक्रिया, म्हणजे काळाबरोबर अनिश्चितपणे बदलणारी गोष्ट, एकमेकांपासून स्वतंत्र अशा साध्या तुकड्यांच्या बेरजेत कशी मांडायची, याबद्दलचा. आज हे तंत्र प्रतिमा लहान करायला, हवेतल्या खळबळीचा अभ्यास करायला, कुठे कुठे वापरतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ते 'काऱ्हुनेन-लोएव्ह विस्तार' या नावाने भेटतं. फिनलंडच्या काऱ्हुनेन यांचं काम १९४६-४७ चं, लोएव्ह यांचं १९४८ चं. कोसंबींचं त्याआधीचं. अलीकडे काही ठिकाणी तिन्ही नावं एकत्र दिसू लागली आहेत, पण तुमच्या एमटेकच्या मित्राला विचारून बघा त्याला किती नावं शिकवली.

यात कुणी चोरी केली असं अजिबात नाही. तिघांनी आपापल्या वाटेने काढलं. युद्धाच्या काळात भारतात छापलेलं जर्नल हेलसिंकीत कोण वाचणार होतं? पण हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. पेपर चांगला असणं एक आणि तो वाचणाऱ्याच्या टेबलावर पोहोचणं वेगळं. 'जर्नल महत्त्वाचं नाही, काम महत्त्वाचं' असं कुणी छाती ठोकून सांगितलं तर मला हा १९४३ चा पेपर आठवतो. जर्नल महत्त्वाचं आहेच. फक्त ते महत्त्व कोण वाचतं यावरून ठरतं, त्याच्या नावापुढच्या आकड्यावरून नाही.

खोटा संदर्भ, १९३१

आता जरा हलकं. अलीगढला असताना कोसंबींची एका सहकाऱ्याशी खटकली होती. तिथे प्राध्यापक असलेल्या फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वाइल यांनी सुचवलं, की एक टिपण लिहून त्यात कुणीही न ऐकलेल्या गणितज्ञाचा हवाला दे. कोसंबींनी लिहिलं. 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं सामान्यीकरण' अशा अर्थाचं शीर्षक, आणि अलाहाबादहून निघणाऱ्या संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिनमध्ये ते छापूनही आलं. त्यातला रशियन गणितज्ञ डी. बूर्बाकी कधी अस्तित्वातच नव्हता.

पुढे १९३५ च्या आसपास वाइल आणि त्यांच्या मित्रांनी फ्रान्समध्ये गणिताची पाठ्यपुस्तकं एकत्र लिहायला घेतली आणि सामूहिक टोपणनाव घेतलं: निकोला बूर्बाकी. विसाव्या शतकातल्या गणितातलं ते फार मोठं नाव. गणिताच्या साहित्यात बूर्बाकीचा पहिला उल्लेख म्हणून कोसंबींचं हे टिपण सांगितलं जातं.

गंमत म्हणून ठीक. पण संपादकाने संदर्भ तपासला नाही, ही गोष्ट मला आज हसण्यावारी नेता येत नाही. एआयकडून लिटरेचर रिव्ह्यू लिहून घेतलेल्या मजकुरात अशीच बूर्बाकी माणसं दिसतात: लेखक पटण्यासारखा, जर्नल खरं, साल खरं, पेपर मात्र नाहीच. तुमच्या ड्राफ्टमधला प्रत्येक संदर्भ उघडून बघा. कोसंबींना माहीत होतं की आपण थट्टा करतोय.

आणि जो पेपर महागात पडला

आतापर्यंतचं वाचून वाटेल की मी कोसंबींचा पोवाडा गातेय. तर हा चौथा.

१९५९ मध्ये जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्समध्ये त्यांचा एक लेख आला. विषय संभाव्यतेच्या अंगाने मूळ संख्यांचा, आणि त्यात दावा असा की यातून रीमानचं गृहीतक सिद्ध होतं. रीमानचं गृहीतक म्हणजे १८५९ पासून अनुत्तरित असलेला, गणितातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रश्न. आणि त्याची सिद्धता कृषी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये! जर्नल बोगस नव्हतं, आपल्या क्षेत्रातलं चांगलं जर्नल होतं. पण त्याच्या संपादकांकडे आणि परीक्षकांकडे संख्या सिद्धांताचा असा लेख तपासायची तयारी असण्याचं कारणच नव्हतं. भाताच्या प्लॉटचे प्रयोग कसे आखावेत यातली ती मंडळी.

सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांमध्ये कोसंबींच्या नावाला यामुळे जो धक्का बसला तो भरून निघाला नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारण एकच होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. भाभांशी त्यांचे मतभेद होते, अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जा असं ते उघडपणे मांडत होते, शांतता चळवळीत होते, आणि त्यांचा बराच वेळ इतिहासात जात होता. पण हा पेपर त्यांच्या विरोधातल्या पारड्यात पडला हे नक्की.

त्यानंतरही त्यांनी मूळ संख्यांचा नाद सोडला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या प्रोसिडिंग्जमध्ये, म्हणजे आपण ज्याला पीएनएएस म्हणतो त्यात, त्यांचा लेख आला. काही लेख त्यांनी 'एस. डुक्रे' या टोपणनावाने छापले. आजच्या कुठल्याही प्रोफाइलमध्ये ते आपोआप त्यांच्या खात्यात जमा होणार नाहीत.

मला या चौथ्या पेपरबद्दल नेमकं काय वाटतं ते सांगायला जरा जड जातं. इतका हुशार माणूस, ज्याने आपली प्रत्येक गोष्ट वजन करून बघितली (प्राचीन चांदीची नाणी खरोखर तराजूत टाकून, झिजेवरून त्यांचा चलनातला काळ त्याने काढला), त्याने आपल्या सगळ्यात मोठ्या दाव्यासाठी जिथे कुणी अडवणार नाही अशी जागा का निवडली? अडवणारा परीक्षक हा तुमचा शत्रू वाटतो. माझ्या पहिल्या पेपरवर दुसऱ्या परीक्षकाने दोन पानं लिहून पाठवली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते नीट. त्यातल्या तीन गोष्टी बरोबर होत्या. त्या तशाच छापल्या गेल्या असत्या तर?

राहिली पुस्तकं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ ची, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना १९५६ ची. या दुसऱ्या पुस्तकाने भारतात इतिहास लिहायची रीत बदलली, त्याच्याशी भांडणारेसुद्धा हे मान्य करतात. इम्पॅक्ट फॅक्टर? पुस्तकांना तो नसतोच.

पुण्यातलीच दुसरी गोष्ट

आता त्या अडीच हजारांच्या जर्नलकडे. ते जन्माला कसं आलं?

यूजीसीने २००९ च्या नियमांत पीएचडीचा थिसिस सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापलेला असणं बंधनकारक केलं. २०१० मध्ये शिक्षकांसाठी एपीआय गुण आले. परीक्षित जर्नलमधल्या लेखाला १५ गुण, आणि परीक्षण नसलं तरी मान्यताप्राप्त आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या ठिकाणी छापलं तर १०. हेतू चांगला, शिक्षकांनी संशोधन करावं. पण आयएसएसएन म्हणजे काय? नियतकालिकाला मिळणारा ओळख क्रमांक. गाडीच्या नंबर प्लेटसारखा. नंबर प्लेट आहे म्हणजे ड्रायव्हरला गाडी येते असं कुणी म्हणत नाही, पण जर्नलच्या बाबतीत आपण पिढीभर हेच म्हणत आलो.

लाखभर लोकांना एकदम पेपर हवेत म्हटल्यावर दुकानं निघणारच. लेखकाकडून पैसे घेऊन विनातपासणी छापणाऱ्यांना 'प्रीडेटरी' हा शब्द अमेरिकन ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्येच रूढ केला. २०१३ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट पेपर ३०४ मुक्त जर्नल्सना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. भारतातून चालणाऱ्यांपैकी ६४ जणांनी स्वीकारला, १५ जणांनी नाकारला.

मग यूजीसीने २०१७ मध्ये मान्य जर्नल्सची यादी काढली. ३८ हजारांहून जास्त नावं. त्यातली काही विद्यापीठांनी सुचवलेली. ती तपासायचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केलं आणि मार्च २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये छापलं. मोठ्या डेटाबेसमध्ये नसलेली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स त्यांनी पाहिली. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक नाहीत, कुणाचा आयएसएसएन चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर स्वतःच ठरवलेला. ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली गेली.

मग पुणे विद्यापीठातच यूजीसी-केअरचा कक्ष आला, २०१९ पासून केअर यादी सुरू झाली. तुमच्या सीनियर्सनी 'केअर-लिस्टेड आहे का?' हे वाक्य जपासारखं म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल. लगेच नामांकित जर्नल्सच्या नकली वेबसाइट निघाल्या, नाव तेच, लोगो तोच, पैसे भरायचा क्यूआर कोड वेगळा. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती यूजीसीने काढून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं जाहीर केलं आणि जर्नल कसं पारखावं याचे निकष सुचवून जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली.

यादी बंद झाली याचा काहींना आनंद झाला, मला मिश्र वाटलं. यादी वाईट असली तरी गाईडशी भांडताना हातात काहीतरी कागद होता. आता छोट्या गावातल्या कॉलेजात एकट्याने पीएचडी करणाऱ्याला कोण सांगणार, हे जर्नल बरं आणि हे नाही? आणि अनेक विद्यापीठांनी पेपरची अट स्वतःच्या नियमांत अजून ठेवलेली असू शकते, तेव्हा ॲडमिशन घेताना आपल्या विद्यापीठाचा नियम स्वतः वाचा, कँटीनमधल्या माहितीवर जाऊ नका.

मैत्रिणीला मी काय सांगितलं? तू वाचलेल्या आणि आवडलेल्या पाच पेपरच्या संदर्भसूचीत बघ, हे जर्नल कुठे आहे का. नसेल तर तुझे वाचक तिथे नाहीत. संपादक मंडळातल्या दोघांच्या विभागाच्या पानावर जाऊन बघ, त्यांनी स्वतः हे पद लिहिलंय का. आणि सांगितलेला इम्पॅक्ट फॅक्टर नक्की कुणी दिलाय ते विचार. खरा आकडा जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, तो दरवर्षी क्लॅरिव्हेट काढते. बाकी कुणीही काढू शकतं, मीसुद्धा. तिने ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, दोन पेपरवर डिस्काउंट आहे."

तिने पैसे भरले नाहीत. इंटरव्ह्यूला एमएस्सीच्या डिसर्टेशनचं काम नीट बांधून घेऊन जातेय, शून्य पेपरसह. निकाल लागला की सांगेन.

हे सगळं लिहून झाल्यावर मी माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण उघडलं. 'अंतर काढण्यासाठी कोसंबी फंक्शन वापरलं' असं वाक्य होतं आणि कंसात संदर्भ फक्त सॉफ्टवेअरचा. चार पानांचा पेपर चार वर्षं माझ्या फाइलमध्ये पडून होता, दोन प्रतींत. एक प्रत काढून टाकली, दुसरी त्या वाक्यापुढे लावली आणि ड्राफ्ट गाईडला पाठवला.